भिंतभर कविता: बॉनमधल्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

काम थोडक्यात असं: नऊ मराठी कविता, प्रत्येक कवितेचा एक पत्रा (धातूचा नव्हे, टांगायचा मोठा छापील ताव), तयार माप १०५० × २००० मिमी. जागा बॉनमधली, ऱ्हाइनच्या उजव्या तीरावरच्या बॉयेल भागातलं एक छोटं दालन. जुळणी, छपाई, टांगणी सगळं जर्मनीत. पाठ तपासणं पुण्यात. मोठ्या मापात देवनागरी छापताना नेमकं काय अडतं हे पुढच्या मंडळींना आयतं मिळावं म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

६ जानेवारी २०२५, सोमवार

दालनाची मापं घेतली. लांब भिंत ११.४ मीटर, छत ३.१ मीटर. समोर उभं राहायला जास्तीत जास्त साडेचार मीटर मागे जाता येतं. १०५० मिमीचे सात पत्रे, मधे ४५ सेंमी मोकळी भिंत, असे मिळून १०.०५ मीटर होतात. दोन्ही टोकांना ६७ सेंमी उरतात. उरलेले दोन पत्रे आतल्या दालनाकडे जाणाऱ्या बोळात.

उद्घाटन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, करायचं ठरत होतं. ते जमणार नाही. यंदा २७ फेब्रुवारीला ऱ्हाइनलंडमधला बायकांच्या कार्निव्हलचा गुरुवार येतो. सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कामं थांबतात, आणि ३ मार्चच्या सोमवारपर्यंत कुरियर, सुतार, छापखाना कुणीच हाती लागत नाही. शिवाय बॉयेल म्हणजे या प्रथेचं माहेरच. १८२४ साली इथल्या धोबिणींनी ती सुरू केली. म्हणून २१ फेब्रुवारी, शुक्रवार, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. सहा दिवस कमी झाले, पण तारीख चांगली आहे. परदेशात काम धरताना स्थानिक सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी उघडावं, आपलं नंतर.

९ जानेवारी, गुरुवार

कवितांची यादी पक्की: संतांचे पाच अभंग, केशवसुतांचं एक सुनीत, बालकवींची एक कविता, बहिणाबाई चौधरींच्या दोन.

यादी ठरवताना आवडीच्या आधी हक्कांचा हिशेब करावा लागला. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, जर्मनीत ७०. दोन्ही देशांचा हिशेब वर्ष संपताना होतो. केशवसुत (१९०५) आणि बालकवी (१९१८) यांच्याबाबत प्रश्नच नाही. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, म्हणजे जर्मन हिशेबानेही १ जानेवारी २०२२ पासून मोकळ्या. मर्ढेकरांना मात्र हात लावला नाही. ते १९५६ साली गेले; भारतात २०१७ पासून त्यांची कविता मुक्त आहे, पण ७० वर्षांच्या मुदतीने इथे २०२६ अखेरपर्यंत थांबावं लागेल. वाद घालायला जागा असेलही, पण उद्घाटनाला सहा आठवडे असताना शंकेच्या जागेवर पाऊल ठेवू नये.

हयात कवीची किंवा वारसांकडची कविता घ्यायची असेल तर परवानगी लेखी हवी, आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात: भिंतीवर लावणं, पुस्तिकेत छापणं, फोटो ऑनलाइन टाकणं. 'प्रदर्शनासाठी परवानगी' एवढंच लिहिलेलं असलं तर पुस्तिका छापताना पुन्हा दारात जावं लागतं. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो, हे तर फारच सहज विसरलं जातं. जर्मन भाषांतरं या प्रदर्शनासाठी नव्याने करून घेतली, त्यांचा करार वेगळा केला.

१४ जानेवारी, मंगळवार

मजकूर टंकून झाला. जुन्या फाँटमधल्या फाइली हाताशी होत्या, त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून पाहिलं आणि सोडून दिलं. एका अभंगात अकरा चुका निघाल्या, त्यातल्या चार डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या. नव्याने टंकणं झटपट होतं.

सगळ्यात घातक चूक अर्ध्या र ची. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्र इतका फरक आहे. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. दुसऱ्या प्रकारातला जोडक ईमेलमधून किंवा मोबाइलच्या संदेशातून जाताना कधी गळून पडतो, आणि मग चंद्रकोरीसारखा र जाऊन रफार येतो. म्हणून सगळीकडे पहिलाच प्रकार वापरला, आणि फाइलभर 'र्य' व 'र्ह' शोधून प्रत्येक जागा मूळ पुस्तकाशी ताडून पाहिली.

लेखनाचे दोन निर्णय झाले. केशवसुतांच्या काळचे अनुस्वार आहेत तसे ठेवायचे: 'कांहीं', 'नाहीं'. १९६२ चे नियम त्या कवितेला लावायचे नाहीत. बहिणाबाईंची बोलीही तशीच: 'पानी', 'मानूस'. यासाठी शुद्धलेखन तपासनीस बंद ठेवला, आणि फाइलच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की न चा ण कुणी करू नये. हे लिहिलं नाही तर कुणीतरी मन लावून, प्रेमाने, सगळी कविता 'सुधारून' पाठवतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

फाँट: टिरो देवनागरी मराठी. दोन दिवस शोभिका आणि मुक्ता यांच्याशी ताडून पाहिला. मुक्ता दुरून छान वाचता येतो, पण जाड-बारीक रेषांचा खेळ त्यात कमी. कवितेला तो हवा होता. शोभिकात जोडाक्षरांचा साठा मोठा आहे, संस्कृत असतं तर तोच घेतला असता. टिरोच्या या आवृत्तीत ल पाकळीचा आणि श देठाचा मुळातच येतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही हीच रूपं आहेत. बाकी बऱ्याच फाँटांत मराठी रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' नेमली तरच बाहेर येतात. भाषा 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' राहिली तर अख्ख्या भिंतीवर हिंदी वळणाचा ल उभा राहतो, आणि मराठी वाचकाला काहीतरी परकं वाटतं, काय ते सांगता येत नाही.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधली मांडणी: वर्ल्ड-रेडी कम्पोजर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू, भाषा मराठी, अक्षरांमधलं जादा अंतर शून्य, कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) 'मेट्रिक्स', म्हणजे फाँटमध्ये दिलेलं. 'ऑप्टिकल' कर्निंग देवनागरीला चालत नाही. ते अक्षरं मागेपुढे सरकवतं आणि शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा जुळवणारी मांडणीही नको, कारण ओळ ताणली की शब्दांमधल्या जागा भगदाडासारख्या दिसतात. कवितेला डावी कड सरळ, उजवी मोकळी.

आता अक्षराचा आकार. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ११० मिमी समास सोडून ८३० मिमी रुंदी मिळते. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे. चरणागणिक ओळ तोडली तर अक्षर खूप मोठं करता येतं, पण चार कडव्यांच्या सोळा ओळी होतात आणि पत्रा उभा अपुरा पडतो. दोन चरण एका ओळीत घेतले: पहिली ओळ १२ अक्षरांची, दुसरी १० ची. म्हणताना श्वास तिथेच घेतला जातो, त्यामुळे ही तोड कानालाही पटते. या फाँटात एक अक्षर सरासरी ०.६ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढी रुंदी) रुंद धरलं, शब्दांमधली जागा पाव एम. २८० पॉइंटला एम ९८.८ मिमी, बारा अक्षरं आणि तीन जागा मिळून सुमारे ७८५ मिमी. बसतं. ओळींतलं अंतर आकाराच्या १.६ पट, म्हणजे १५८ मिमी. आठ ओळी आणि कडव्यांमधल्या अर्ध्या ओळीच्या तीन जागा धरून उंची १५०१ मिमी.

सुनीताचं गणित वेगळं. चौदा ओळी, वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळ १९ अक्षरांची. हिशेबाने १८० पॉइंट बसायला हवे होते. प्रत्यक्षात सर्वांत लांब ओळ ८४८ मिमी भरली, कारण जोडाक्षरं सरासरीपेक्षा रुंद. अशा वेळी त्या एका ओळीची अक्षरं आडवी दाबायचा मोह होतो. दाबू नये: उभे काने बारीक होतात, आडवी शिरोरेषा तेवढीच जाड राहते, आणि ओळ आजारी दिसते. सगळी कविता १७६ पॉइंटवर आणली, ओळ ८२९ मिमी झाली.

२२ जानेवारी, बुधवार

दोन पत्रे खऱ्या मापात कार्यालयीन प्रिंटरवर ए-३ कागदांचे तुकडे काढून भिंतीवर चिकटवले. एका पत्र्याला वीस कागद लागतात, चार आडवे, पाच उभे. हा खर्च आणि ही दोन तासांची चिकटवाचिकटवी वाचवू नये. पडद्यावर कितीही मोठं करून पाहिलं तरी शरीराच्या मापाने कविता कशी वाटते ते कळत नाही.

काय कळलं: सुनीतात शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची ३७ मिमी आहे. अंतराचा दोनशेवा भाग हा सोयीच्या वाचनाचा हिशेब धरला तर साडेचार मीटरला २२ मिमी पुरे. म्हणजे आकार पुरेसा आहे. पण ओळी गर्दी करत होत्या. वरच्या ओळीतल्या 'ह्रु'चा उकार आणि खालच्या ओळीतल्या 'र्कीं'ची वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांच्यात जेमतेम ६ मिमी उरत होते. १.६ चं अंतर १.७ केलं. चौदा ओळी तरीही १४७८ मिमीत मावतात.

अनुस्वाराचं आणखी एक. 'नाहीं'मधल्या वेलांटीच्या शेपटीशेजारी टिंब बसतं. पुस्तकाच्या आकारात ते ठीक दिसतं. भिंतीवर मात्र टिंब आणि वेलांटी यांच्यातली फट दोन मिमीची झाली आणि दुरून दोन्ही एकमेकांना चिकटून एक गोळा दिसू लागला. सुनीतात अशा सात जागा होत्या. अक्षरं बाह्यरेषांत बदलल्यानंतर (म्हणजे फाँट जाऊन नुसते आकार उरल्यावर) प्रत्येक टिंब ३ मिमी उजवीकडे व १ मिमी वर हलवायचं ठरलं. जुन्या शिळाछापात लिहिणारा लेखकू हे हातानेच करत असे.

दोन दंड आणि कडव्याचा आकडा मजकुराच्या आकारात ठेवला तर फार ओरडतो. ६० टक्क्यांवर आणला, रंग गेरूचा.

२७ जानेवारी, सोमवार

मुद्रितशोधन. हिवाळ्यात पुणे साडेचार तास पुढे असतं. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इथले दुपारचे दीड. रोज एवढीच वेळ दोघांना सोयीची.

प्रूफ पीडीएफ म्हणूनच पाठवायचं, मजकूर संदेशात चिकटवून नाही. संदेशातला मजकूर समोरच्याच्या फोनच्या फाँटात दिसतो. तिथे सगळं बरोबर दिसेल आणि आपल्या फाइलमध्ये वेलांटी निखळलेली असेल. वाचायची पद्धत अशी: एकाने मूळ पुस्तकातून मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून अक्षरं मोजायची. सहा-सहा-सहा-चार. एका अभंगात तिसऱ्या चरणात पाचच भरली. डोळ्याला चुकलेला 'तो' मोजणीत सापडला. नंतर एकदा शेवटच्या ओळीपासून उलटं वाचायचं, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

कागद आला: शंभर टक्के कापसाचा, मॅट, ३०८ ग्रॅमचा, १११८ मिमी रुंद आणि १२ मीटर लांब असे दोन रोल. एका पत्र्याला कापणीसकट २.१ मीटर लागतात. नऊ पत्र्यांना १८.९ मीटर, उरलेल्यात चाचण्या आणि एखादा पत्रा पुन्हा काढायची सोय.

रोल आल्या आल्या उघडायचे नाहीत. हिवाळ्यात इथल्या खोल्यांत हीटर चालू असतात आणि हवा फार कोरडी होते. आज छपाईच्या खोलीत आर्द्रता ३१ टक्के निघाली. अशा हवेत कापसाचा कागद कडेने आधी सुकतो, कडा उचलल्या जातात आणि प्रिंटरचं हेड तिथे घासतं. आर्द्रक लावून ४८ टक्क्यांवर आणलं. रोल वेष्टनासकट तीन दिवस त्याच खोलीत राहतील.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली चाचणी, पूर्ण रुंदीची, ४० सेंमी लांबीची. दोन दोष.

पहिला गंभीर. छापखान्यासाठी सगळी अक्षरं बाह्यरेषांत बदलून दिली होती, कारण त्यांच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरवर देवनागरीचा भरवसा नव्हता. छापून आल्यावर शिरोरेषेवर दर दोन अक्षरांच्या सांध्यात एक बारीक पांढरी चौकट, जेमतेम दीड मिमी रुंद. जवळून पाहिलं की कुणीतरी पटाशीने शिरोरेषा टोचत गेल्यासारखी. कारण असं: देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढवलेली असते, म्हणून ती सलग दिसते. बाह्यरेषा काढून सगळ्यांचा एक संयुक्त आकार केला, आणि भरण्याचा नियम सम-विषम असला, तर जिथे दोन आकार एकमेकांवर येतात ती जागा 'बाहेर' मोजली जाते आणि पोकळ राहते. पडद्यावर लहान मापात हे दिसलंच नव्हतं. शिरोरेषा अर्धपारदर्शक किंवा गुणाकार पद्धतीने (रंगावर रंग चढवून) छापली तर याच जागी उलट काळे ठिपके येतात, मूळ तेच.

उपाय: आधी ओळीतले सगळे आकार 'युनाइट' करून खरोखर एक करायचे, मग संयुक्त आकार. ओळीगणिक करायचं, अख्ख्या पानाला एकदम केलं तर अनुस्वार आणि अक्षरांची पोटं कधी बुजतात, आणि चूक शोधायला वेळ जातो. नऊ पत्र्यांना अडीच तास लागले. त्यानंतर प्रत्येक ओळ बाह्यरेषांच्या दृश्यात पाहायची: शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच चौकोन दिसली पाहिजे, मधे उभी रेघ नको.

दुसरा दोष काळ्याचा. फाइलमध्ये फक्त काळी शाई १०० टक्के दिली होती. इंकजेटवर तिचं रूपांतर होऊन पाटीच्या खडूने पुसल्यासारखा राखाडी आला. या यंत्रांना आरजीबी फाइल द्यावी, काळा शून्य-शून्य-शून्य, कागदाचं योग्य प्रोफाइल आणि मॅट काळी शाई. चमकदार कागदाची काळी शाई मॅट कागदावर गेली तरी असाच फिका काळा येतो, तेही तपासलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी चाचणी. शिरोरेषा सलग. काळा खोल, मखमली. टिंबं मोकळी झाली.

पण 'क' आणि 'फ'च्या गोलाव्यावर बारीक पांढरे ठिपके, सुईच्या टोकाएवढे. ही शाईची चूक नाही, कागदाची धूळ. कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात. शाई त्यांच्यावर पडते, तंतू सुकून गळतात, खाली पांढरं राहतं. छापण्याआधी बकरीच्या केसांच्या मऊ रुंद ब्रशने कागद झाडायचा, एकाच दिशेने, खाली. हाताने किंवा फडक्याने नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दालनाच्या व्यवस्थापकाने बोळातल्या दोन पत्र्यांना हरकत घेतली, आणि ती योग्य आहे. बोळ हा बाहेर पडायचा मार्ग. तिथे मोकळा लोंबणारा कागद चालत नाही. डीआयएन ४१०२ या जर्मन मानकाप्रमाणे बी-१, म्हणजे सहज पेट न घेणारा माल हवा, आणि त्याचं प्रमाणपत्र कागदावर. हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. जर्मनीत सार्वजनिक जागेत काहीही टांगायचं तर मापाच्या आधी हा प्रश्न विचारावा.

बहिणाबाईंच्या दोन कविता कापडावर जातील: बी-१ दर्जाचं पॉलिएस्टर, उष्णतेने शाई मुरवलेली छपाई. कापडावर कड थोडी पसरते आणि बारीक रेषा फिकट होतात. टिरोला जाड वजन नाही, म्हणून बाह्यरेषा सगळीकडून ०.४ मिमी फुगवल्या. त्याहून जास्त फुगवल्या तर 'ष' आणि 'थ'ची पोटं बुजायला लागतात. वर आणि खाली ४० मिमीची नळी शिवून घ्यायची, तिच्यात २० मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप. उंचीत या नळ्यांचे ८० मिमी वेगळे धरले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल आणि आज मिळून सातही कागदी पत्रे छापले. प्रत्येकाआधी नोझल (शाईची छिद्रं) तपासणी. एका पत्र्याला साधारण पस्तीस मिनिटं. चौथा पत्रा वाया गेला: पुढची कड उचलली, हेड घासलं, पहिल्या ओळीवर काळा ओरखडा. हेडची उंची एक पायरी वाढवली, कागद ओढून धरणारी हवेची ताकद कमी केली आणि रोलच्या सुरुवातीचे २० सेंमी कापून टाकले. पुन्हा छापला, बरोबर आला. रोलच्या गाभ्याजवळचा कागद जास्त वळलेला असतो, त्यामुळे शेवटचा मीटर फक्त चाचणीसाठी ठेवावा.

छापलेले पत्रे चोवीस तास आडवे, वर पातळ आम्लमुक्त कागद. बोटं लावायची नाहीत, सुती हातमोजे घालायचे. मॅट कागदावरचा काळा भाग नखाने ओरखडला तर तो पुसून निघत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कापणी. दोन मीटरची पोलादी पट्टी, नवं पातं, एका झटक्यात नाही तर हलक्या हाताने तीनदा. मजकूर दोन्ही बाजूंपासून मोजून मग कापायचं. रोल यंत्रातून दोन मीटर सरकताना दोन मिमी तिरका गेलेला असू शकतो, आणि शिरोरेषा ही इतकी ठाम आडवी रेघ आहे की पत्र्याची कड तिच्याशी जराही वाकडी असली तर लगेच दिसते. लॅटिन मजकुरात हे खपून जातं, देवनागरीत नाही. म्हणून मापाची सुरुवात कागदाच्या कडेपासून न करता पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून केली.

टांगणीसाठी चुंबकाचा विचार सोडला. रंगवलेल्या पोलादी पट्टीवर चुंबक सरळ ओढला तर घट्ट असतो, पण खाली सरकायला फार कमी जोर लागतो. दोन दिवसांच्या चाचणीत पत्रा ९ मिमी घसरला. त्याऐवजी पाइनच्या पट्ट्या, १०५० × ३० × १० मिमी, वर दोन आणि खाली दोन. कागद मधे २५ मिमी आत, पाच स्क्रू. लाकूड आणि कागद यांच्यात आम्लमुक्त कागदाची पट्टी, नाहीतर पाइनचा पिवळेपणा कागदात उतरतो. स्क्रूची भोकं कागदात पट्टीच्या भोकांपेक्षा मोठी, ८ मिमीची ठेवली, म्हणजे हवा बदलल्यावर कागदाला हलायला जागा राहते आणि सुरकुती पडत नाही. कागद ६४७ ग्रॅम, चार पट्ट्या साधारण ६३०. एका पत्र्याचं ओझं दीड किलोच्या आत. खालच्या पट्ट्यांचं वजन रोलची वळी सरळ करतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पत्रे १५ सेंमी व्यासाच्या नळ्यांतून दालनात आणले, छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेले. तशी वळी टांगल्यावर भिंतीकडे वळते, वाचणाऱ्याकडे नाही. आल्यावर एक दिवस पाटाखाली दाबून ठेवायचे. कापडी पत्रेही आज आले. 'मानूस' मानूसच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टांगणी. लांब भिंत ही बाहेरची, थंड भिंत. तिला कागद टेकवला तर ओल धरतो. पट्ट्यांच्या मागे १५ मिमीचे लाकडी ठोकळे लावले, हवा खेळती राहते. लेझर रेषा पत्र्याच्या वरच्या कडेला न लावता पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावली. सात पत्र्यांच्या सात शिरोरेषा एका उंचीवर, जमिनीपासून १९८ सेंमी. आता भिंतीच्या टोकाला उभं राहिलं की सातही कविता एकाच दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात. हे आम्हांला फार आवडलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जर्मन भाषांतरांच्या पाट्या पत्र्याच्या उजवीकडे, मध्य जमिनीपासून १४५ सेंमी, २८ पॉइंट. एक मीटरवरून वाचता येतात. कवितेच्या पत्र्यावर भाषांतर घेतलं नाही, जागा असूनही. मराठी न वाचणारा माणूस आधी अक्षरांसमोर उभा राहावा, मग पाटीकडे वळावा.

दारातल्या पाटीवर बॉनचा धागा दिला आहे. १८२३ साली याच शहरात भगवद्गीता देवनागरी खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरठशांनी) छापली गेली. खिळे इथले संस्कृतचे प्राध्यापक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी पॅरिसमध्ये करवून घेतले होते. मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजींनी पंचांग शिळाछापावर काढलं ते १८३१ साली. बॉनच्या लोकांना हे ठाऊक नसतं, आपल्यालाही फारसं नसतं.

दिवे: वरून तीस अंशांच्या कोनात, पत्र्यावर १५० लक्स. अगदी वरून भिंतीला घासून प्रकाश टाकला तर कागदाची प्रत्येक लाट दिसते. दिवे पाऊण मीटर पुढे घेतले, लाटा गेल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उद्यापासून दालन ३ मार्चपर्यंत बंद. आर्द्रता ४१ टक्के. हीटर बंद दालनात कमी करायला सांगितला, पूर्ण बंद नाही, नाहीतर थंड भिंत ओल धरेल. तिसऱ्या पत्र्याची डावी खालची कड ४ मिमी पुढे आली होती. खालच्या पट्टीचे दोन टोकांचे स्क्रू पाव फेरा सैल केले, तासाभरात कड मागे गेली. आर्द्रकात सहा लिटर पाणी भरलं, पाच दिवस पुरेल. राखीव म्हणून उरलेला कागद साडेसात मीटर, त्याच खोलीत वेष्टनात.